चौथ्या दिवसाचा खोका

माझ्या नणंदेला तीन माणसांचा स्वयंपाक येत नाही. दोनशे माणसांचा येतो. एकतीस वर्षं त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवली, आणि वसतिगृह बंद पडल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघर माझं. म्हणजे होतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. आत काय आहे, कधी भरलं, कधीपर्यंत संपवायचं. साखरेच्या डब्यावरसुद्धा 'साखर' लिहिलं. मी म्हटलं, "ताई, मला साखर ओळखू येते हो." त्या म्हणाल्या, "तुला येते गं. तू आजारी पडलीस तर छोट्याला येणार आहे का?" छोट्या म्हणजे माझा नवरा. वय चोपन्न. बावीस वर्षं पार्सलची गाडी चालवतो आणि त्याला खरंच साखर ओळखू येत नाही.

असे आठ महिने गेले. शिजत असताना मी झाकण उचललं की मागून आवाज यायचा, "वाफ घालवू नकोस." कोबीचा दांडा फेकला की तो कचऱ्यातून परत यायचा, धुतलेला. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची कटकट ऐकायची आणि घरी येऊन माझ्याच ओट्यासमोर परक्यासारखी उभी राहायची. खोटं कशाला बोलू, त्यांना लांब कुठेतरी काम लागावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

आणि काम चालून आलं. तीन दिवसांच्या वाटेवर, एका तळ्याकाठी, तंबूंचा कॅम्प होता. त्यांना कायमची स्वयंपाकीण हवी होती, राहायला खोलीसकट. कॅम्पच्या मालकीणबाई फोनवरच रोखठोक बोलल्या. "आमच्याकडे सामान आठवड्यातून एकदा येतं. दुकान दीड तासावर. मला रांधणारी खूप मिळतात, आहे तेवढ्यात पुरवणारी मिळत नाही. तुम्ही घरून निघताना जे घ्याल, त्यातूनच चौथ्या दिवशी दुपारी माझ्या बारा माणसांना जेवू घाला. वाटेत खरेदी करायची नाही. मग बोलू."

ताईंनी फोन ठेवला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा गुणगुणल्या. मी तर मनातल्या मनात नाचलेच.

नवऱ्याच्या दोस्तानं त्याची कॅम्पर दिली. मागे पलंग, मधे दोन शेगड्या, वीतभर ओटा आणि गुडघ्याएवढा फ्रिज. मी दुकानात असताना ताईंनी दोन दिवस बसून तक्ता केला आणि खोकी भरली. दुपारचं जेवण घरी उरकून निघायचं, त्यामुळे वाटेतली आठ जेवणं आणि नववं परीक्षेचं, अशी नऊ खोकी. पालेभाजी, टोमॅटो, पाव असं नाजूक सगळं आधीच्या खोक्यांत, बटाटे, गाजर, कोबी नंतरच्या. अंडी डाळीच्या पिशवीत खुपसलेली, म्हणजे धक्के बसले तरी फुटायची नाहीत. शेवटच्या खोक्यात बारा जणांचं खास सामान: उत्तम तांदूळ, वाळवलेले मशरूम, चीजचा मोठा तुकडा, काजू, मलईचे दोन डबे. प्रत्येक खोक्याच्या एका बाजूला चिठ्ठी. परीक्षेच्या खोक्यावर '४-दुपार'.

"गाडी भरायचं काम माझं," नवरा म्हणाला. "तुम्ही दोघी हात लावू नका."

त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, हे मलाही मान्य होतं. पार्सलच्या गाडीचा त्याचा नियम असा, की जे सगळ्यात शेवटी उतरवायचं ते आधी चढवायचं. पहिलं पार्सल दाराशी, शेवटचं पार तळाशी. त्यानं कॅम्परचं मागचं दार उघडलं आणि पलंगाखालच्या सामान ठेवायच्या बोगद्यात एकेक खोका ढकलला. चौथ्या दिवसाचा सगळ्यात आधी, पहिल्या दिवसाचा सगळ्यात शेवटी, चिठ्ठ्या स्वतःकडे तोंड करून. मग दार लावलं, आणि त्या दारावर दोन सायकली दोरीनं अशा करकचून बांधल्या की वादळातही हलू नयेत.

आता कॅम्परमध्ये स्वयंपाक करणारी बाई सामान आतून काढते. बोगद्याचं आतलं तोंड ओट्याजवळ उघडतं. तिथे पहिला कुठला खोका हाताला लागणार, हे त्या शहाण्याच्याही लक्षात आलं नाही आणि मलाही नाही.

ताईंच्या लक्षात आलं असतं. पण ताईंना गाडी लागली. दुसऱ्या वळणावर त्यांचा चेहरा पिवळा पडला, तिसऱ्यावर त्यांनी गोळी घेतली आणि डोक्यावरून चादर ओढून झोपल्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

संध्याकाळी आम्ही एका मोकळ्या जागेत थांबलो. आणखी पाच-सहा कॅम्पर होत्या. मी वाकून पहिला खोका ओढला. चिठ्ठी दिसली नाही. आत बघते तर चीज, काजू, मलई! "अहो, पहिल्याच दिवशी केवढा थाट!" मी म्हटलं. सामान तिघांच्या मानानं चौपट होतं खरं, पण दोनशेची सवय असलेल्या बाईनं चौपट घेतलं यात मला नवल वाटलं नाही. मी सगळं शिजवलं. उरलेलं ठेवायला फ्रिजमध्ये जागा नव्हती. भात असा झाला की नवऱ्यानं शेजारच्या गाडीतल्या जोडप्याला हाक मारली, त्यांनी पुढच्यांना मारली, आणि अंधार पडायच्या आत पातेलं घासून पुसून लख्ख झालं. सामान ताईंचं असं मी सांगितल्यावर लोक पलंगाच्या बंद पडद्याकडे बघून त्यांचे आभार मानून गेले. मी त्या दिवशी फार खूश होते.

सकाळी ताई टवटवीत होऊन उठल्या, ओट्याशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"चार-दुपार कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. सांगताना नवऱ्याकडे बोट दाखवायला विसरले नाही. तो बिचारा खाली बघत पुटपुटला, "बावीस वर्षांत एक पार्सल चुकलं नाही माझं." मग त्याला सुचलं, "ताई, पुढच्या गावात सगळं मिळेल. मी घेतो विकत. कुणाला कळणार आहे?"

"वाटेत खरेदी नाही असं ठरलंय ना? मग नाही," ताई म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या तोंड धुऊन आल्या, वही उघडली आणि हिशेब मांडला. उरलेली आठ खोकी, तिघांची, म्हणजे चोवीस ताटल्या. त्यातल्या बारा वाचवायच्या. उरलेल्या बारांत आम्ही तिघांनी परीक्षेपर्यंत सात वेळा जेवायचं.

"म्हणजे अर्धपोटी," नवरा म्हणाला.

"अर्ध्याहून थोडं जास्त," ताई म्हणाल्या. "मी नीट केलंय."

सायकली सोडल्या, खोकी उलटी लावली, आणि आमचे उपासाचे दिवस सुरू झाले. नवऱ्याला दुपारी एक बटाटा, अर्धं अंडं आणि भरपूर पाणी. त्याच्या पोटातले कावळे इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडत होते. एकदा पेट्रोल पंपावर तो बिस्किटांच्या कपाटासमोर इतका वेळ उभा राहिला, की पोऱ्या विचारायला आला, काका बरं वाटत नाही का.

मी मात्र, कबूल करते, त्या वीतभर ओट्याशी रमले. तिथे दोघी एका वेळी उभ्या राहू शकत नव्हतो. एकीनं दाराच्या पायरीवर बसून चिरायचं, दुसरीनं शेगडीशी वाकायचं. टोमॅटो मऊ पडायला लागले होते. ताईंनी ते फेकायच्या आधीच आटवून घट्ट रस केला आणि बरणीत भरून वरून तेल ओतलं. पालेभाजी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या वरच्या कोपऱ्यात. पाव कडक होणारच होता, तर त्याचे काप करून गाडीच्या पुढच्या काचेखाली उन्हात वाळत घातले. नवऱ्याला त्यांचा वास घेत गाडी चालवावी लागली. बटाटे उकडलेलं पाणीसुद्धा त्यांनी ठेवलं, दुसऱ्या दिवशीच्या डाळीसाठी.

तिसऱ्या दिवशी मी गाजरं किसत होते, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. मेसमधल्या पहिल्याच दिवशी त्यांनी दोनशे जणींचा भात करपवला होता. चोवीस वर्षांच्या होत्या. कोठीत पोत्यामागे लपून रडल्या. मुलींनी पाव खाल्ला आणि वर विचारलं, उद्यापण पाव मिळेल का? हे सांगताना त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

मग हसणं थांबलं आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी मला पाचला जाग येते आणि करायला काही नसतं. म्हणून चिठ्ठ्या लिहीत बसते. तुला राग येतो, कळतं मला."

मी गाजर किसत राहिले. आठ महिन्यांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी तळं दिसलं. मालकीणबाई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उभ्या होत्या. त्यांनी आमची उरलेली खोकी बघितली आणि स्वयंपाकघराचं दार उघडून दिलं. ताई कॅम्पच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर बस. आता माझी मीच."

दुपारी बारा माणसं जेवायला बसली. टोमॅटो आणि डाळीचं दाट सूप, वर तळलेले पावाचे काप. बटाटा-कोबीच्या टिक्क्या, आत उकडलेलं अंडं. दांडे आणि पालेभाजी बारीक चिरून परतलेली. शेवटी सफरचंदं साखरेत शिजवून. शेवटच्या माणसाच्या ताटलीत शेवटचा डाव पडला आणि पातेलं रिकामं झालं. कुणाला कमी पडलं नाही, काही उरलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या बाकावर होते, तिथे मालकीणबाई येऊन बसल्या. "एका दिवसाचं जेवण कुणीही बरं करतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही यांच्याबरोबर राहता. खरं सांगा, बाई कशा आहेत?"

'फार गुणी आहेत' हे वाक्य माझ्याकडे आठ महिने तयार होतं. आरशासमोर म्हणून बघितलं होतं. तोंड उघडलं, आणि ते येईना. सोमवारी मी कामावरून घरी येईन आणि ओटा सगळा माझाच असेल, एवढंच डोळ्यांसमोर आलं. मला ताई घरी हव्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्यांसकट हव्या होत्या.

म्हणून मी तोंड सोडलं.

"फार त्रासदायक बाई आहे," मी म्हटलं. "पाचला उठते आणि दुसऱ्यांची झोपमोड करते. साखरेच्या डब्यावर साखर लिहिते. तारीख घातल्याशिवाय काही आत ठेवू देत नाही. कोबीचा दांडा टाकला तर कचऱ्यातून काढून आणते. झाकण उघडलं की ओरडते. आणि हट्टी किती! हे सामान आजच्यासाठी आणलेलंच नव्हतं. आणलेलं आम्ही चुकून पहिल्याच दिवशी खाऊन टाकलं. पुढच्याच गावात दुकान होतं, पण वाटेत खरेदी नाही ठरलंय म्हणून आम्हाला आत पाऊल टाकू दिलं नाही. दोन दिवस अर्धपोटी ठेवलं आम्हाला, त्या जेवणातून हे वाचवलंय. अशा बाईबरोबर राहायचं म्हणजे..."

मला दम लागला. मालकीणबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"सोमवारपासून जमेल का त्यांना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खोलीची किल्ली आणायला उठून गेल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. मागे वळले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई, कोपरापर्यंत ओल्या. सगळं ऐकलेलं होतं.

त्या बाहेर आल्या. "मला काम मिळू नये म्हणून बोललीस ना?"

एकतीस वर्षं पोरींच्या थापा ऐकलेली बाई. मी मान डोलावली.

"का गं? तुला तर मी गेलेली हवी होते."

"हवं होतं. आता नाही."

त्यांनी ओले हात झटकले. मग म्हणाल्या, "मग सांग. तू म्हणालीस तर आत्ता गाडीत बसते. किल्ली अजून घेतलेली नाही मी."

मला एकच शब्द बोलायचा होता. त्यांच्यामागे उघड्या दारातून मोठी शेगडी दिसत होती, आणि धुतलेल्या बारा ताटल्या ओळीनं मांडलेल्या. त्यांच्या बाह्या भिजल्या होत्या, केस विस्कटले होते. हा चेहरा आमच्या घरी एक दिवसही आला नव्हता.

"राहा ताई," मी म्हटलं. "आमच्या तिघांच्या स्वयंपाकात तुमचा जीव गुदमरतो."

त्यांनी ओल्या हातांनी माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

"सुट्टी मिळाली की येईन," त्या म्हणाल्या. "पण पाहुणी म्हणून. तुझ्या ओट्याला हात लावणार नाही."

"लावायचा," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आलं.