पेटीत कोंडलेला फिस्कोर्न

मित्रांनो, माझे नाव फिस्कोर्न, फुंकून वाजवायचे पितळी वाद्य. अंगाने जाड, तोंडाने मोठा, आवाजाने खर्जातला. चौकात लोक हात धरून गोल नाचतात, तेव्हा आमचा अकरा जणांचा ताफा वाजवतो. सनया पुढे किंचाळतात आणि आम्ही दोन फिस्कोर्न मागून सुराला आधार देतो. दोन लागतातच. एकटा फिस्कोर्न म्हणजे एका पायाची खुर्ची.

मी गाल्देरिकचा. तो बुचांच्या कारखान्यात बुचे कापी आणि रविवारी मला वाजवी. त्याच्या शेजारी किर्झा, दुसरा फिस्कोर्नवाला. सव्वीस वर्षे दोघे मांडीला मांडी लावून बसले.

मग गाल्देरिकचे पुढचे दात हलू लागले. हे फक्त मला कळले, कारण त्याचे ओठ माझ्यावर टेकत. तो दात रेशमी दोऱ्याने बांधून वाजवी. गावच्या मोठ्या सणाला भर चौकात आमची पाळी आली. त्याने श्वास घेतला आणि माझ्यातून नुसती हवा फुसकन निघाली. दात त्याच्या मांडीवर पडला होता. किर्झाने लगेच आमचीही सुरावट उचलली. नाचणाऱ्यांना काही कळले नाही.

गाल्देरिकने कवळी बसवली. कोठीत बसून हिवाळाभर धडपडला, पण कवळी सरकायची. खिडकीतून शेजारी ओरडला, "गाल्देरिक, बकरी पाळलीस की काय रे?" त्या दिवशी त्याने मला हातातून टाकले. माझ्या कडेला पोचा पडला.

वसंतात किर्झा घरी आला.

"टपालवाल्या मेदीचा ओठ चांगला आहे. फक्त वाद्य नाही त्याच्याकडे. एवढ्या सणांपुरतं दे ना तुझं."

"तोंड गेलं माझं, आता वाद्यही न्या!"

"अरे, दुसऱ्या फिस्कोर्नशिवाय आपल्याला चौकात कोण उभं करेल? ताफा मोडेल, गाल्देरिक!"

"मोडू दे."

बायको रमेई म्हणाली, "देऊन टाक रे. पेटीत ठेवून त्याचं काय लोणचं घालणार आहेस?"

त्याने मला पेटीत घातले, कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली. शरदात ताफा मोडला. मेदी टपाल वाटत राहिला. किर्झा मुलीकडे दूर शहरात गेला आणि तिथेच वारला.

अकरा वर्षांनी गाल्देरिक अंथरुणाला खिळला. त्याने रमेईला पेटी उघडायला लावली. बोटांनी माझे खटके दाबले. एकही हलला नाही.

"तेल आण गं."

तिने तेल घातले. आत हिरवा गंज घट्ट बसला होता.

"किर्झा मागत होता गं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. रमेईने त्याचे तोंड पुसले, मग माझे.

गाल्देरिक गेला आणि आता मी गावच्या नाचमंडळाच्या भिंतीवर टांगलेला आहे. खाली लोक टेपवर नाचतात.

मित्रांनो, गाल्देरिक वाईट नव्हता. तो दुखावला होता. तुमच्यावर कधी असा दिवस आलाच, तर जे तुम्हाला जमेनासे झाले ते दुसऱ्याच्या हाती द्या, वेळ आहे तोवर. मला हे त्याला सांगायचे होते. अकरा वर्षे रोज हाक मारावीशी वाटे. पण कुणी फुंकल्याशिवाय मला आवाजच नाही.