मोठ्या बाईंसमोरची खुर्ची

माझ्या धाकट्या भावाने साठी उलटल्यावर दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरदेवाची कवळी हरवली म्हणून सगळं घर पोट धरून हसत होतं, आणि माझी मुलगी हॉलला बाहेर पडायच्या वाटा किती, ते बघत होती.

मुलगी मानसोपचार करते. लढाया, दंगली, स्फोट यांच्या बातम्या आणणारे पत्रकार तिच्याकडे येतात. हे काम शिकवणाऱ्या वयस्कर बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांची एक रीत होती. आठवडाभर दुसऱ्याचं ऐकणारीने शेवटी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसायचं आणि स्वतः बोलायचं. शिवाय एक सक्त ताकीद होती: पत्रकाराचं ऐकायचं, त्याने टिपलेलं बघायचं नाही.

मुलीने बघितलं. एक फोटोग्राफर तिच्यावर चिडला होता, "न बघता तुम्हाला काय कळणार, कपाळ?" तिला ते लागलं. घरी आणून तिने त्याचे सगळे फोटो पाहिले.

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. बंद केलेला गॅस पुन्हा बंद करी. कडी लावून झाली तरी ओढून बघे. मी इस्त्री करताना वाफ फुसकन सुटली की दचके.

"अगं, टेक की जरा. भिंगरी लागलीय का पायाला?"

"काही नाही गं, आई."

"बाईंना सांगितलंस?"

"त्या आजारी आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला?"

तिकडे फोटोग्राफर एकाएकी बरा झाला. झोप लागते म्हणाला, विनोद सांगायला लागला. आता येत नाही, पुन्हा सीमेवर कामाला निघालोय, असंही म्हणाला. मुलीने खूश व्हायचं, तर ती नखं खात बसली.

त्याच संध्याकाळी मोठ्या बाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"खुर्ची रिकामी ठेवतेस आणि म्हातारीला जिने चढायला लावतेस? म्हटलं, अजून मेले नाही, सांगून यावं."

मी इस्त्री उचलून आत गेले. पण आमच्या घराच्या भिंती पातळ.

मुलीने सगळं सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, "त्याच्यासमोर दचकलीस कधी?"

"तो एका लहान चपलेबद्दल बोलत होता. ती मी फोटोत पाहिली होती. मी मान फिरवली."

"आणि मग तो बरा झाला."

"हो."

"बरा कसला होतोय, पोरी! जपतोय तुला. घरी बायकोला जपतो, आईला जपतो, आता तूही त्यांच्यात. तू मला जपतेस, तसंच."

"त्याला दुसऱ्या कुणाकडे द्या, बाई. मी नालायक आहे."

"नालायक असतीस तर घोरत पडली असतीस. तो जायच्या आत सांग त्याला."

तिने तिथूनच फोन लावला. "मी तुमचे फोटो पाहिले. बघायला नको होते, चूक माझी. मला त्रास झाला, पण तो बोलायला मला माणूस आहे. माझ्यासाठी गप्प राहू नका."

पलीकडून तो काहीतरी बोलला आणि मुलगी म्हणाली, "हो, उद्याच या."

त्या खेपेला तो सीमेवर गेला नाही. पुढे नव्या शिकणाऱ्यांना हे सगळं त्यानेच उघड सांगितलं, म्हणून मलाही लिहायची मोकळीक.

आता शिकवते माझी मुलगी. समोर बसणारीला आधी विचारते, "मला जपायला काय लपवलंयस?" आणि स्वतःचं बोलायला दर आठवड्याला बसने दुसऱ्या गावी जाते, एका तिऱ्हाईत बाईंकडे. कंटाळा आला तरी जाते.

मोठ्या बाई भावाच्या लग्नाच्या वर्षीच, थंडी पडायला लागली तेव्हा, वारल्या.