प्रवीणचे साठ हजार

"कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगता का नाही?"

"सांगून काय करशील? बायकाइचं काम नाही हे," प्रवीण हसला आणि मिलच्या पाळीला निघून गेला.

छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, कॉम्प्युटर होता कुणाचा? साड्यांच्या डिझाइन ऑफिसात नवं मशीन आलं म्हणून शेठनं जुनं तिला दिलेलं. रिक्षात मांडीवर धरून भेस्तानच्या घरापर्यंत तिनंच आणलेलं. विमानं पाडायच्या गेममध्ये प्रवीणचा विक्रम अठ्ठेचाळीस हजारांचा. तो गाठायला तिला दोनच हजार कमी पडले, आणि दुसऱ्याच दिवशी या शूरवीरानं पासवर्ड ठोकला!

ऑफिसातल्या रजनीनं तिला एका मासिकासोबत आलेली लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर नव्यानं चालू करून देणाऱ्या फुकट प्रणालीची सीडी दिली. त्याच गेमची लिनक्सवरची आवृत्तीही त्यात होती.

"पण ताई, आधीचं सगळं पुसलं जाईल हं," रजनी म्हणाली.

"पुसू दे. तेच तर पाहिजे मले."

शनिवारी रजा टाकून ती बसली. दोनदा सगळं फसलं, नुसता काळा पडदा. तिसऱ्यांदा एकदाचं जमलं. आवाज काही केल्या येईना, पण गेला खड्ड्यात आवाज! कॉम्प्युटरवर काहीही बदलू देणारा मालकाचा पासवर्ड आता तिच्याकडे होता.

रविवारी तिनं नवऱ्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्यासमोर पन्नास हजार केले.

"बघा! तुमचे अठ्ठेचाळीस होते."

"अठ्ठेचाळीस? माह्ये तर साठ होते! दाखव यादी."

यादीत वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, छाया. त्याचा विक्रम तिनं स्वतःच्या हातानं पुसला होता.

"आता तूच पुसलं तर म्या काय करू?" प्रवीण मिशीत हसला.

खोटारडा मेला! छायाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती जिंकली तरी हा माणूस जन्मभर साठचं तुणतुणं वाजवणार होता. तिनं पदरानं डोळे पुसले, मालकाचा पासवर्ड टाकला आणि गुणांची फाइल उघडली. आपल्या सगळ्या नावांच्या वर तिनं एक ओळ लिहिली: प्रवीण, साठ हजार.

"हे काय करून राह्यली?"

"तुमचा विक्रम तुमाले वापस दिला. आता बसा इथंच."

"अन् जेवाचं?" तो अर्धा उठला.

"साठ हजार एक झाले का वाढते," छाया म्हणाली आणि पडद्यावरची नजर न काढता खेळू लागली. प्रवीण मुकाट्यानं परत स्टुलावर बसला.