प्रतापची घासाघीस

ब्रांडल ओपांचं गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन होतं. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये आम्हाला कुणी घर देईना, तेव्हा या म्हाताऱ्याने आपला वरचा मजला दिला होता. म्हणून ते आमचे ओपा, आजोबाच. ऑपरेशनआधी त्यांचा एकच हट्ट होता, आपली अडुसष्ट सालची मस्टँग गाडी एकदा तिच्या मूळच्या आवाजात ऐकायची. पण तिचा मूळचा कार्ब्युरेटर कधीच गेलेला. त्याच नंबरचा दुसरा शोधून शोधून माझा नवरा प्रताप अगदी मेटाकुटीला आला होता.

आणि रविवारी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तो सापडला! एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर. प्रतापने कोरलेला नंबर वाचला आणि माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"घे आणि चल," मी म्हटलं.

"गप्प बस गं. चेहऱ्यावर दाखवू नकोस."

झालं! आमच्या साहेबांच्या अंगात तुळशीबाग आली.

"मी मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे," तो विक्रेत्याला जर्मनमध्ये म्हणाला. "हा आतून तडकलाय. काही कामाचा नाही. अर्ध्यात देता?"

विक्रेत्याने तो उलटापालटा करून पाहिला. "तडकलाय? नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की," प्रताप म्हणाला आणि सरळ चालू लागला.

"अरे, पैसे आणलेत ना आपण? देऊन मोकळा हो ना!"

"मागे बघू नकोस. आत्ता हाक मारेल."

कसली हाक नि कसलं काय! सॉसेजच्या गाडीपर्यंत आलो तरी मागे सगळं शांत.

"मी जाते परत."

"थांब जरा. जातोय कुठे तो?"

मी ऐकलं नाही. तरातरा मागे फिरले, तसा तोही धावत आला. टेबलावर कार्ब्युरेटर नव्हता.

"एकाला देऊन टाकला," विक्रेता म्हणाला. "त्याला कपाटावर शोभेला हवा होता."

"केवढ्याला?" प्रतापने विचारलं.

"पैसे कसे घेणार? तडकलेला माल मी विकत नाही. बरं झालं तुम्ही सांगितलंत." त्याने प्रतापचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले.

"कोण होता तो? कुठे गेला?"

"नाव नाही विचारलं."

प्रताप फाडफाड जर्मन बोलतो. पण भाव करताना असं म्हणायचं असतं हो, हे काही त्याला त्या माणसाला सांगता येईना. बाहेर पार्किंगमधून गाड्या एकेक करून निघत होत्या.

"ओपांना काय सांगायचं?" त्याने मला विचारलं.

"तुझ्या तोंडाने गेला," मी म्हटलं, "तुझ्याच तोंडाने सांग."