ज्वारीच्या पिंपात दडवलेली फाईल

मी एक जुनी फाईल आहे. मित्रांनो, हसू नका. आयुष्य काय फक्त छत्रीला आणि सायकलीलाच असते? उदगीरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी टांगलेली होते. निळी, चकचकीत, बटणाची. सात वर्षांपूर्वी बसलिंगप्पांनी मला घाईघाईने विकत घेतले. त्यांची अकरावीतली मुलगी दामिनी दाढ काढून आली होती आणि दोन दिवस तिचे रक्त थांबत नव्हते.

लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रक्त गोठवणारा एक घटक तिच्यात जन्मापासूनच कमी आहे आणि हे घराण्यातून आले आहे, असे निघाले. उपचाराच्या वेळी एका इंजेक्शनने तिचे ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टरांनी त्या औषधाचे नाव लाल शाईने लिहिले आणि पुढे लिहिले, 'पुन्हा कधीही देऊ नये.' तो कागद माझ्या पोटात सर्वांत वर असतो.

दामिनीची अव्वा, म्हणजे आई, गुरम्मा मला फार जपायची. विभूतीच्या डबीशेजारी माझी जागा. दर सोमवारी पदराने पुसायची. मला वाटायचे, या घरात माझ्यावर हिच्याइतकी माया कोणाचीच नाही.

लग्न ठरताना दामिनीने स्वतःच मला वीरेशपुढे उघडले. त्याने शांतपणे सगळे कागद वाचले. "काय काय जपायचं तेवढं सांग, झालं," एवढेच तो म्हणाला. मग मी तिच्याबरोबर नांदेडला नांदायला गेले. तिला दिवस गेले तसे माझे पोटही फुगत गेले. बाळंतपण लातूरच्या दवाखान्यातच करायचे, औषध आधीच आणून ठेवायचे, नंतरचे काही आठवडेही रक्तावर लक्ष ठेवायचे, आणि फाईल सोडून कुठे जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात दामिनी उदगीरला आली आणि मला आईच्या हाती सोपवून निर्धास्त झाली. मीही झाले.

नववा महिना निम्मा सरला तेव्हा धाकट्या शिवांगीला बघायला पाहुणे आले. चांगले स्थळ होते, मुलाच्या आईसह सगळे मुक्कामालाच राहिले. पाहुणे दारात येताच गुरम्माने मला उचलले आणि स्वयंपाकघरातल्या पिंपात, ज्वारीत खोल खुपसले. वर झाकण लावले. घराण्यातला आजार पाहुण्यांना कळला तर धाकटीचे लग्न मोडेल, ही तिला भीती. मी मनाशी म्हटले, एका दिवसाचा प्रश्न आहे, काढील उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, तीन आठवडे आधी, दामिनीला कळा सुरू झाल्या. गाडी दारात आली.

"अव्वा, फाईल कुठं हाय?"

मुलाची आई तिथेच चहा पीत बसली होती. गुरम्माने तिच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तू आणलीच कुठं? नांदेडलाच राहिली असंल."

मित्रांनो, ज्वारीत गाडलेल्या मला ते स्वच्छ ऐकू आले. ज्या हातांनी मला पुसले त्यांनीच मला गाडले, याचे दुःख मी गिळले असते. पण पोटची पोर कळा सोशीत मला मागत होती आणि ही तिच्या तोंडावर खोटे बोलली! "मी तुझ्याच हातात दिली होती गं," असे दामिनी गाडीत बसेपर्यंत म्हणत होती. त्या औषधाचे नाव तिला पाठ नव्हते.

भाकरीसाठी ज्वारी काढायला शिवांगीने पिंपात हात घातला आणि मी सापडले. तिने मला पाहुण्यांसमोरच उघडले. लाल अक्षरांचा फोटो काढून दामिनीसोबत गेलेल्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनवर पाठवला. "माझ्या बहिणीच्या जिवाचं हाय," असे पाहुण्यांना सांगून तिने मला काखेत मारले आणि जीप गाठली.

दामिनीला मुलगी झाली. रक्त बरेच गेले, पण आवरले. तेच इंजेक्शन देण्यासाठी काढून ठेवले होते, फोटो पाहून बाजूला सारले, असे सिस्टरने सांगितले. पाहुणे मात्र जेवायलाही थांबले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी फाईल असेल. तिला जपा म्हणजे नुसती पुसू नका. लोक काय म्हणतील म्हणून दडवू नका. आमच्या पोटातले कागद लाज वाटण्यासारखे नसतात.

तिसऱ्या दिवशी बाळाच्याही रक्ताची तपासणी कधी करायची, हे लिहिलेला कागद माझ्यात आला. गुरम्मा खाटेजवळ खाली मान घालून बसली होती. "चुकलं गं माझं," ती म्हणाली आणि सवयीने तिने हात पुढे केला. "दे फाईल. मी ठेवते."

दामिनीने बाळ उचलून आईच्या ओंजळीत दिले.

"हिला घे, अव्वा," ती म्हणाली, "फाईल न्हाई देणार." आणि मला तिने स्वतःच्या उशीखाली सारले.