लीग संपेपर्यंत

कानतपासणीच्या यंत्रावरचा छोटा लाल दिवा लागला... आणि तिने तर आवाज सोडलाच नव्हता.

हरभऱ्याएवढा दिवा. काचेपलीकडच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाने हातातलं बटण दाबलं की इकडे, तिच्या बोटांशेजारी, तो लागतो. म्हणजे ऐकू आलं. पलीकडे एक निवृत्त पोस्टमन डोळे मिटून बसला होता, हेडफोनखाली कपाळाला आठ्या, अंगठा बटणावर तयार, आणि ती नुसतीच थांबली होती, मनात सात आकडे मोजत — तेवढ्यात पुन्हा दिवा. पुन्हा काहीच नाही. असे लोक असतात. खोटं बोलत नसतात ते. ऐकू यावं असं त्यांना इतकं वाटत असतं की शांततेलाच सूर फुटतो. एरवी ती दार उघडून सांगते, काका, खात्री असेल तेव्हाच दाबा. आज तिला उठवेना. आज निम्मं शहर असं अंगठा टेकवून बसलं होतं, आणि त्यात ती स्वतःही होती.

चार वाजता फुटबॉलची मॅच. लीगचा शेवटचा दिवस, आपले एका गुणाने मागे. आपण जिंकायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर पलीकडच्यांनी जिंकायचं नाही. पलीकडचे म्हणजे नदीपलीकडचा संघ. तिच्या माहेरी त्याचं नाव कधी कोणी घेतलं नाही, नुसतं ‘पलीकडचे’. त्यांनी बरोबरी केली तरी चालेल, मग चौतीस वर्षांनी... मागच्या वेळी ती सहा वर्षांची होती, दादाच्या खांद्यावर, आणि त्या दिवसातलं तिला आठवतात ते फक्त दादाचे कान. दोन्ही मुठींत धरलेले, तापलेले कान. ओढू नकोस ठमे, हातात येतील, असं तो म्हणत होता आणि स्वतःच ओरडत होता.

कान. सगळं फिरून तिथेच येतं.

जानेवारीत दादा याच काचेपलीकडे बसला होता. डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते म्हणाला, फोन हल्ली उजव्यालाच लावतो. तिने तपासलं. दादाने अंगठा कधीच उगाच दाबला नाही. शहाण्या मुलासारखा बसला, आणि कागदावर दोन रेघा उमटत गेल्या. उजव्या कानाची किंचित खचलेली — तीस वर्षं छापखान्यात मशिनपाशी उभं राहिल्यावर खचायचीच. डाव्याची मात्र घसरगुंडीसारखी खाली. यंत्रांनी कान गेले तर दोन्ही जोडीने जातात. असा एकटा जाऊ लागला की आत, मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, काही वाढत तर नाही ना हे बघावं लागतं. हे तिला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवलं होतं, आणि पुढची वीस वर्षं तिने ते असंख्य माणसांना सांगितलं होतं, आवाज न चढवता, न उतरवता.

“डोक्याचा स्कॅन करून घे दादा. याच आठवड्यात.”

“काय निघेल?”

“बहुतेक काहीच नाही. निघालीच तर गाठ. साधीच असते बहुतेक वेळा, हळू वाढते.”

“हळू म्हणजे किती?”

तिथे ती फसली. “वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला. “लीग संपू दे. आणि तुझ्या वहिनीला बोलू नकोस. ती मला रुग्णालयाच्या पायरीवर नेऊन बसवेल, नि मॅच राहील बाजूला.”

तिने चिठ्ठी लिहून दिली, त्याने घडी करून खिशात घातली, आणि संपलं. ‘हळू वाढते’ हे खरं होतं. ‘बहुतेक वेळा’ हेही खरं होतं. आत डोकावल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही, हे सगळ्यांत खरं होतं आणि तेवढं तिने दुसऱ्यांदा बजावलं नाही.

तेव्हा आपले नऊ गुणांनी मागे होते. त्याच रविवारी चार गोलांनी जिंकले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग धुक्यात, परक्या मैदानावर, दहाच खेळाडू उरले असताना... तेरा मॅच. त्या दिवसापासून आपले हरलेच नाहीत. दादाला दिलेला शब्द, दादाचं आयुष्य दादाचं, अशी कारणं तिने मनाशी रचून ठेवली होती, धुतलेल्या कपड्यांसारखी नीट घड्या घालून. पण पाचव्या की सहाव्या मॅचला, गोलकीपरने पेनल्टी अडवली त्या रात्री घरी परतल्यावर, तिच्या तोंडून निघून गेलं होतं — सांगितलं नाही तेच बरं केलं. तेव्हा ती आपल्या स्वयंपाकघरात एकटीच होती. कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मी, कान तपासणारी, भिंतीवर दोन पदव्या टांगलेली... मी गप्प होते, कारण आपण जिंकत होतो.

फेब्रुवारीत वहिनीने विचारलंही होतं. “ह्यांना कमी ऐकू येतंय ना गं? तू तपासलंस म्हणे.”

“छापखान्याचं आहे वहिनी. यंत्रांपाशी जन्म गेला.”

किती सहज म्हणाली होती.

पोस्टमनला तिने सोमवारी पुन्हा बोलावलं. “काका, आज तुमचं लक्ष नाही.” तो ओशाळून हसला. “लक्ष आहे हो, पण मॅचकडे.” तो गेला आणि फोन वाजला. वहिनी. आवाज दबका, म्हणजे स्वयंपाकघरातून.

“येणारेस ना? नाही, ते ठीक आहेत. सकाळी जिन्यात पडले. कोपर खरचटलंय. मी फोन केला हे बोलू नकोस त्यांना.”

बसमध्ये सगळे एकमेकांशी बोलत होते. एरवी खिडकीबाहेर बघणारी माणसं अनोळखी माणसाला विचारत होती, काय वाटतं? कोणीतरी तिलाही विचारलं. तिला म्हणायचं होतं, एखाद-दोन मिलिमीटर. ती म्हणाली, “बघू या.”

दादा खुर्चीत होता, विटलेला शर्ट घालून, कोपराला पट्टी. “ये ठमे. जागेवर बस.” तिची जागा त्याच्या डावीकडे, लाकडी स्टुलावर. जानेवारीपासून तीच, जिंकणाऱ्या घरात जागा बदलत नाहीत. म्हणून चार महिने, दर मॅचला, ती त्याच्या बहिऱ्या बाजूला बसत आली होती, आणि तो तिच्याशी बोलताना अख्खा वळत होता. टीव्ही मोठ्याने लावलेला. शेजारच्यांचा त्याहून मोठ्याने.

पहिला अर्धा तास काहीच घडलं नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. दुसऱ्या मैदानावरही काहीच नाही. पडद्याच्या तळाशी पट्टीवर दोन शून्यं शेजारी शेजारी बसून होती. मध्यंतराला दादा म्हणाला, “पोटात गोळा आलाय,” आणि तिला क्षणभर तो शब्द वेगळाच ऐकू आला, गोळा, गाठ... ती चहाला म्हणून उठली.

वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी. “पाय घसरला म्हणतात. घसरला नाही. मी मागेच होते. कोरडा जिना, आणि हे सरळ चालता चालता भिंतीकडे कलले, कोणी ढकलावं तसे.” मग वळून, तिच्याकडे बघत, “तुला काहीतरी ठाऊक आहे.”

“मॅच संपू दे, वहिनी.”

शब्द बाहेर पडले आणि तिने ते ऐकले. दादाचेच शब्द. दादाचाच तो समजूतदार, सावकाश सूर — लहान मुलाला खेळणं उद्या देऊ म्हणतात तसा. वहिनीने कप भरले, तिच्या हातात दिले, आणि स्वतः आत राहिली.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, गर्दीतून एक डोकं वर गेलं, आणि जाळं हललं. दादा ताडकन उभा राहिला, दोन्ही हात वर, आणि तसाच डावीकडे झुकला. त्याचा हात तिच्या खांद्यावर आदळला, सगळा भार तिच्यावर आला, तिला वाटलं मिठी मारतोय... मग कळलं, सावरतोय. आणि तिला कळल्याचं त्याला कळलं असावं, कारण त्याने ती मिठीच असल्यासारखी तिची पाठ थोपटली. “बघितलंस? बघितलंस ठमे?” डोळ्यांत पाणी. तिच्याही. खरंखुरं, आनंदाचं, ते खोटं होतं असं ती कधीच म्हणणार नाही. गल्लीत पातेली वाजत होती. तळाशी पट्टीवर पलीकडच्यांची दोन शून्यं तशीच. या घटकेला आपण पहिले होतो.

तो बसला. ती त्याच्या डाव्या कानाकडे बघत राहिली. कानाच्या पाळीवर एक पांढरा केस उगवला होता. बाबांनाही तिथेच होता. या कानात आवाज शिरत नाही हे सगळ्या जगात दोघांनाच ठाऊक. ती पुढे वाकली, नेहमीच्या आवाजात म्हणाली, “दादा, मी वहिनीला सांगणार आहे.”

तो पडद्याकडे बघत होता. पापणीही हलली नाही.

आणि तिला स्वतःची शिसारी आली. हेच तर करत होते मी चार महिने. जिथे ऐकू जाणार नाही तिथे बोलत होते आणि सांगितल्याचं समाधान घेत होते. रोज रात्री उशीला सांगितलं, बसच्या काचेला सांगितलं. शिट्टी वाजल्यावर वहिनीला सांगेनही, जिंकल्यावर पेढ्याच्या तोंडाने किंवा हरल्यावर रडक्या तोंडाने — पण ते वरातीमागून घोडं. त्यात काही पणाला लागणार नाही. आणि मग उरलेल्या जन्मात मला कळणारच नाही की तेरा मॅच आणि दादा यांत मी काय...

पडद्यावरच्या घड्याळात ऐंशी. ती उठली.

“कुठे? जागा सोडू नकोस,” दादा म्हणाला, न वळता.

“आले.”

स्टूल रिकामं झालं ते तिला पाठीला जाणवलं. चार पावलांचं अंतर. त्या चार पावलांत तिला खरोखर वाटलं की मागे वळावं, दहाच तर मिनिटं, दहा मिनिटांत एक मिलिमीटर वाढत नाही... वहिनी इस्त्री करत होती. तिने सांगितलं. स्कॅनचं नाव, नसेचं नाव, काय असू शकतं, काय नसू शकतं, चिठ्ठी कधी लिहिली. पेशंटच्या घरच्यांना सांगते तसं, आवाज न चढवता, न उतरवता. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

वहिनीने इस्त्री उभी केली. प्लग काढला. “जानेवारीपासून?”

“हो.”

“आणि मला छापखाना सांगितलास.”

 वहिनी बाहीच्या एका सुरकुतीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. “जेवताना मी ह्यांच्या डावीकडे बसते,” ती म्हणाली. “मी बोलत असते आणि हे जेवत असतात. मला वाटत होतं... ह्यांना माझ्याशी बोलायचंच नाही आता. एवढी वर्षं झाली, कंटाळतात माणसं, असं मी मनाशी धरून चालले होते.”

 सगळ्या गणितात तिने वहिनीचं जेवणाचं ताट धरलंच नव्हतं.

शेजारून आवाज आला. ओरडणं नव्हे, लांबलचक सुस्कारा, पाच-सहा गळ्यांतून एकदम निघालेला. शेजारच्यांचा टीव्ही दोन-चार सेकंद पुढे चालतो. मग ह्या घरात समालोचकाचा स्वर वर गेला. दोघी बाहेर आल्या. पडद्याच्या तळाशी एका शून्याचा एक झाला होता. पलीकडच्यांनी गोल केला होता. सत्त्याऐंशीवं मिनिट.

उरलेली मिनिटं सरली. आपले जिंकले. जिंकून हिरवळीवर बसले, काहींनी शर्ट तोंडावर ओढून घेतले. दादाने टीव्ही बंद केला, थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी.”

हे बाबा म्हणायचे. दर वर्षी, याच दिवसांत, आणि दोघा भावंडांनी मागोमाग म्हणायचं, पुढच्या वर्षी. देवाला हात जोडावेत तितकं सवयीचं. दादा थांबला, तिच्यासाठी. तिच्या ओठांपर्यंत शब्द आले आणि तिथेच राहिले.

वहिनी खुर्चीच्या मागून फिरून त्याच्या उजवीकडे गेली. तिथे ती कधी बसत नसे. एक खुर्ची ओढून बसली, आणि त्याला ओलांडून नणंदेला विचारलं, “सोमवारी स्कॅनचं किती वाजता उघडतं?”

“नऊला.”

दादाने वहिनीकडे बघितलं. मग अख्खा वळून तिच्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता; भर बाजारात कोणी ओळख न दाखवता निघून जावं, तसा काहीसा चेहरा.

“कधी सांगितलंस?”

“मघाशी.”

“मघाशी कधी?”

वहिनीला हा प्रश्न कशाला ते कळलं नसावं. तिला कळलं. खोटं बोलता आलं असतं. शिट्टीनंतर म्हणाली असती तर आत्ताच संपलं असतं.

“ऐंशीव्या मिनिटाला.”

त्याने मान हलवली. सावकाश. आणि तो वजाबाकी करताना तिला दिसला, जसा लहानपणी गृहपाठ करताना दिसायचा, ओठ किंचित हलवत. ही वजाबाकी मूर्खपणाची आहे हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. नदीपलीकडे कुठल्या तरी परक्या पोराने चेंडू लाथाडला, त्याचा इस्त्रीच्या टेबलाशी काय संबंध... आणि तरीही ती दोघं बाबांचीच मुलं होती, आणि तिने स्वतःही सुस्कारा ऐकताक्षणी हेच केलं होतं. सात. उत्तर सात येत होतं. पुढे कधी बोलता बोलता गप्प झालो तर दोघांच्या मध्ये ही सात मिनिटं येऊन बसतील, स्कॅनमध्ये काहीही निघो.

तिने वाट बघितली — आता आपली मान खाली जाईल, माफ कर दादा असं काहीतरी तोंडून निघेल. चार महिने ती तेच धरून चालली होती. पण नजर हलली नाही. आत जिथे अपराध असायचा तिथे तिने चाचपून पाहिलं; तिथे भीती होती, सोमवारची, थंड आणि स्वच्छ, जशी जानेवारीतच असायला हवी होती. दादा तिच्याकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्याकडून काहीही ऐकायचं नव्हतं.