भातगिरणीतला बाक

नोटीस लावायची म्हटली की आपल्याकडे काही माणसांच्या अंगात येतं. जे तोंडावर बोलायची लाज वाटते, तेच कागदावर लिहायचं, भिंतीला चिकटवायचं आणि खाली ‘हुकुमावरून’ असं टाकून मोकळं व्हायचं. डहाणू गावातल्या ‘मिल हेरिटेज लॉफ्ट्स’चे सेक्रेटरी श्यामकांत सावे त्यातलेच. रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून उभी हयात गेलेली, अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे इमारतीतली प्रत्येक नोटीस तेच लिहायचे.

ही इमारत म्हणजे मुळात जुनी भातगिरणी. बिल्डरने दगडी भिंती तशाच ठेवल्या, आत उंचच उंच फ्लॅट काढले आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये अर्ध्या उंचीवर एक लाकडी मजला टांगला. त्याला म्हणायचं लॉफ्ट. आपण त्याला माळा म्हणतो, पण माळा म्हटलं तर मुंबईचं गिऱ्हाईक कशाला येईल? खाली लॉबीत गिरणीतलाच एक सागवानी बाक पॉलिश करून ठेवला. बाकाच्या वर, भिंतीवर, गिरणीच्या कचेरीत सापडलेला एक जुना फोटो मोठा करून लावला. पाच बाया ओळीने बसून भाकरी खातायत, असा तो फोटो. खाली पितळी पट्टी: ‘अनामिक कामकरी स्त्रिया’.

इथे चार घरची धुणीभांडी करायला रखमी सरावली गावाहून शेअर रिक्षाने यायची. दुसरं घर आटोपलं की तासभर मोकळा, कारण तिसऱ्या घरची मंडळी उशिरा उठायची. तो तास ती त्या बाकावर बसून काढायची. कुणाला त्याचा त्रास नव्हता. पण शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या गौरवने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की कामवाल्या अशा बसल्या की लॉबीचा लुक जातो. झालं! कमिटी बसली, सगळ्यांनी माना डोलावल्या. रोज सकाळी रखमीच्या हातचा चहा पिणाऱ्या सावेंनीही डोलावली. दुसऱ्या दिवशी बाकाशेजारी नोटीस लागली: ‘घरकामगारांनी लॉबीतील बाकावर बसू नये. मागील जिन्याचा वापर करावा.’

रखमी सातवी शिकलेली. तिने नोटीस वाचली आणि मागच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. तिथून समोर बाक दिसत होता, आणि बाकावरचा फोटो. वर्षभर ती त्या फोटोखाली बसली होती, पण बसणाऱ्याच्या तो पाठीशी यायचा, आणि कामाच्या घाईत कोण वर बघतं! आज तासभर दुसरं बघायलाच काही नव्हतं. मधल्या बाईने डाव्या हातात भाकरी धरली होती आणि त्या हाताची करंगळी अर्धीच होती.

तशी करंगळी रखमीने लहानपणापासून पाहिलेली होती. ती जवळ गेली, नीट बघितलं. तिचीच आय, भिकी. विशी-बाविशीची, हसणारी.

दुसऱ्या दिवशी रखमी सरळ बाकावर जाऊन बसली. वॉचमनने सावेंना बोलावलं. सावे खाली आले आणि हळू आवाजात समजावू लागले, की नियम सगळ्यांना सारखा, माझ्या एकट्याच्या हातात काय आहे, आणि तू ऐकलं नाहीस तर गेटवरचा पास बंद करावा लागेल. पास बंद म्हणजे चारही घरं बंद, हे दोघांनाही माहीत होतं.

“करा बंद,” रखमी म्हणाली. “पण आधी फोटो उतरवा. ती मधली माझी आय हाय. आयला भिंतीवर मिरवता आणि लेकीला बाकावरून उठवता, असं दोन्ही नाय चालणार. शनिवारपर्यंत काय ते ठरवा.”

सावेंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोला, लतिकाताईंना, त्यांनी सगळं सांगितलं आणि वर स्वतःची बाजूही मांडली. अगं, स्टेशनवर नव्हत्या का वेटिंग रूम वर्गाप्रमाणे वेगळ्या? जगाची रीतच आहे ती. लतिकाताई तोंडाच्या फटकळ. त्यांनी भाजीचा डाव खाली ठेवला.

“वेटिंग रूमचं सोडा. फलाटावरचे बाक होते ना? त्यावर कोळणी बसायच्या, मास्तर बसायचे, वीटभट्टीवर निघालेली माणसं पोरंबाळं घेऊन बसायची. इतकी वर्षं तिथे काढलीत, कधी कुणाला उठवलंत? मग रिटायर झाल्यावरच हे काय सुचलं तुम्हाला? माळ्यावर राहायला आलात म्हणून माणूस उंच होत नाही.”

सावे उठून लॉबीत गेले आणि नोटिशीपुढे उभे राहिले. पण ती काढायचं धाडस झालं नाही. कमिटी काय म्हणेल, गौरव काय लिहील, याच विचारात शनिवार उजाडला.

शनिवारी सावे लॉबीतच घुटमळत होते, तोच गौरव पाहुण्यांना घेऊन आला. त्यातल्या एका जोडप्याला इथेच फ्लॅट बघायचा होता. तो त्यांना फोटोसमोर उभं करून सांगत होता, की या बाया म्हणजे या वास्तूचा आत्मा, असं वातावरण मुंबईत शोधून सापडणार नाही. तेवढ्यात गेटवर रिक्षा थांबली. रखमीने आईला हात धरून उतरवलं. पंचाहत्तरीची, काटक म्हातारी. इकडे-तिकडे न बघता ती चालत आली आणि बाकावर बसली. रखमी तिच्याशेजारी.

गौरवचा चेहरा पडला. “सावेकाका, नोटीस तुम्हीच लावलीय ना? उठवा की यांना.”

सगळे सावेंकडे बघू लागले. भिकीने बाकाच्या कडेवरून हात फिरवला, त्याच्या पायांमधली लोखंडी पट्टी चाचपली आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली.

“कुठनं उठवता, बाबा?” ती म्हणाली. “हा बाक आमचाच हाय. आम्ही उभ्याने भाकरी खायचो. शेठ म्हणायचा, बायांना बसवलं की काम बुडतं. एकदा उभ्या उभ्या मला गरगरलं, हात यंत्राच्या पट्ट्यात गेला, अर्धी करंगळी गेली. बोट भरून आलं, मग आम्ही साऱ्या बाया गिरणीबाहेर बसलो, दोन दिस. म्हटलं, बसायला जागा द्या, मग आत येतो. तिसऱ्या दिशी शेठने हा बाक आणून ठेवला. आम्ही पयल्यांदा बसलो, त्याच दिशी हा फोटो काढला. म्हणून तर हसतेय मी.”

पाहुणीने फोटोकडे बघितलं, मग म्हातारीच्या हाताकडे, आणि तिने नजर खाली वळवली.

श्यामकांत सावे नोटिशीपाशी गेले. चांगली पक्की चिकटवली होती त्यांनी, डिंक लावून. नखाने खरवडून काढावी लागली आणि एक कोपरा भिंतीलाच राहिला. फाटका कागद खिशात कोंबून ते बाकाजवळ आले, पण बसायची हिंमत होईना.

“चुकलो, आजी,” ते म्हणाले.

“सरक गं रखमे,” भिकी म्हणाली, “सायबाला जागा दे.”

आणि सावे बसले! गौरवने त्याच दिवशी ग्रुप सोडला. कमिटीत बरीच आदळआपट झाली, दोघं अजून सावेंशी बोलत नाहीत. पण नियम गेला तो गेलाच. सावेंनी राजीनाम्याची धमकी दिली आणि आयुष्यात प्रथमच ती खरी होती. पितळी पट्टीही बदलली. आता तिथे भिकीने सांगितलेली पाच नावं आहेत: भिकी, लाडकी, जानी, काशी, मथी.

वाचकहो, तुमच्याही इमारतीत असा एखादा बाक असेल, एखादी लिफ्ट असेल, एखादा मागचा जिना असेल. उंच घरं खुशाल घ्या, जुन्या भिंती हौसेने जपा. पण ज्यांच्या घामाने त्या भिंती उभ्या राहिल्या त्यांना टेकायला जागा देणं हे उपकार नव्हेत, तो त्यांचा हक्क आहे. आणि तुम्ही बाकाच्या दुसऱ्या बाजूला, मागच्या जिन्यापाशी उभे असाल, तर जागा मागा. मागून मिळाली नाही, तर सरळ जाऊन बसा. भिकीने आणि रखमीने तेच केलं होतं.